मारितची जागा

लिंडवीक गावाच्या खाली, तळ्याच्या काठाला एक कुरण आहे. जूनमधल्या सर्वांत मोठ्या दिवसाच्या सणाला त्या कुरणात पानाफुलांनी मढवलेला उंच खांब उभा करतात. स्वीडनमध्ये हा सण गावोगाव होतो. माणसे डोक्यावर फुलांची कडी घालतात, एकमेकांचे हात धरून खांबाभोवती फेर धरतात, बेडकासारख्या उड्या मारतात आणि हसून हसून दमतात. लिंडवीकमध्येही हे सगळे होते. फक्त लिंडवीकचा फेर पुरा होत नाही. तळ्याकडच्या बाजूला एका माणसाची जागा मोकळी ठेवतात. त्या जागेच्या अल्याडपल्याड उभे असलेले दोघे आपला मोकळा हात तिच्याकडे पसरून, तळवा वर करून धरतात आणि तसेच नाचतात. तिथपासून पाण्यापर्यंत गवतात एक पट्टा गेला आहे, जेमतेम एक माणूस चालेल एवढा. त्या पट्ट्यावरचे दव भर दुपारीही वाळत नाही.

विभावरीने तो पट्टा पहिल्यांदा पाहिला तेव्हा तिला वाटले, कुणीतरी भरलेली बादली हिंदकळत नेली असावी.

ती, तिचा नवरा हेरंब आणि धाकटी बहीण केतकी असे तिघे सकाळच्या गाडीने उप्सालाहून निघाले होते. केतकी सहा वर्षे उप्सालात राहत होती. लिंडवीक हे तिची मैत्रीण मालिन हिचे गाव. मालिनने सगळ्यांना सणाला बोलावले होते. गाडीत तीन तास हिरवे जंगल खिडकीतून पळत होते आणि समोरासमोर बसलेल्या दोन बहिणी एकमेकींशी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

"भावोजी, त्यांना विचारा, चहा हवाय का," केतकी म्हणाली.

"ती तुझ्यापासून दोन फुटांवर बसलीय," हेरंब म्हणाला. "मी काय टपाल खातं आहे?"

पण त्याने विचारले. दोन वर्षे चार महिने तो हेच करत आला होता. त्या फेब्रुवारीत वाईला आई शेवटच्या आजारात पडली तेव्हा केतकीच्या प्रबंधाची परीक्षा आठवड्यावर आली होती. विभावरीने तिला कळवले नाही. परीक्षा होऊ दे, मग सांगू, असे तिने ठरवले. आई परीक्षेच्या आदल्या दिवशी गेली. केतकी आली तेव्हा तिसरा दिवस होता. अंगणात उभी राहून ती एवढेच म्हणाली, "तू मला हाक मारायला हवी होतीस." त्यानंतर ती ताईशी बोलली नाही. विभावरीलाही काय बोलावे ते सुचले नाही, आणि न सुचण्याचे हळूहळू न बोलणे झाले.

उतरताना हेरंब बायकोच्या कानाशी आला. "रविवारी आपलं विमान आहे. तोवर बोललीस तर बोललीस. पुन्हा ती इतक्या जवळ कधी सापडेल, मला सांगता येत नाही."

मालिन स्टेशनवरून त्यांना थेट शेताकडे घेऊन गेली. खांबासाठी फुले तोडायची होती. विभावरीने या सणाविषयी वाचले होते. मुली सात तऱ्हेची फुले तोडतात, तोडताना तोंडातून अवाक्षर काढत नाहीत, मग ती उशाखाली ठेवून झोपतात आणि ज्याच्याशी लग्न व्हायचे तो स्वप्नात दिसतो. ते गप्प राहणे तिला मनातून बरेच वाटले होते. निदान एक तासभर तरी त्यांचा अबोला कुणाच्या डोळ्यांवर येणार नव्हता.

पण या शेतात भलतेच चालले होते. पंधरावीस बायकामुली वाकून फुले तोडत होत्या आणि सगळ्या एकसारख्या बोलत होत्या. एक आकडे म्हणत होती. एक आगगाडीची स्टेशने ओळीने सांगत होती. एक म्हातारी आपल्या बुटाला शिव्या देत होती. कुणी कुणाचे ऐकत नव्हते.

विभावरी एका टोकाला वाकली, केतकी दुसऱ्या टोकाला. पाव तासाने मालिन त्यांच्याजवळ आली. ती थबकली. तिने दोघींच्या हातांतल्या जुड्या पाहिल्या, मग त्यांचे मिटलेले ओठ पाहिले, आणि तिच्या गोऱ्या चेहऱ्यावरचा उरलासुरला रंगही गेला. एक शब्द न विचारता तिने दोघींच्या हातांतली फुले काढून घेतली आणि चरात फेकून दिली.

"बेंग्टला सांगावं लागेल," ती म्हणाली.

बेंग्ट म्हणजे मालिनच्या आजीचा भाऊ. वय चौऱ्याऐंशी. लिंडवीकच्या फेरासाठी व्हायोलिन वाजवण्याचे काम त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते. सफरचंदाच्या झाडाखाली लांब टेबल मांडले होते. त्यावर मुरवलेला हेरिंग मासा होता, शेपू घातलेले कोवळे बटाटे होते, आंबट साय होती आणि स्ट्रॉबेरीने भरलेला केक होता. विभावरीने वाईहून आणलेले लिंबाचे लोणचेही मध्ये ठेवले होते, आणि मालिनचे वडील ते माशाबरोबर खात डोळे पुसत होते. हेरंब तिसऱ्यांदा बटाटे घेत म्हणाला, "घरी शेपू केली की मी बाहेर जेवतो. हे कुणी माझ्या आईला सांगू नका."

मालिन बेंग्टच्या कानाशी लागली. म्हाताऱ्याने काटा खाली ठेवला. त्याने आधी केतकीकडे पाहिले, मग विभावरीकडे, आणि स्वीडिशमध्ये बोलू लागला. सावकाश, तळ्याकडे बघत.

टेबलाशी ती भाषा येणारे मराठी माणूस एकच होते.

"भावोजी," केतकी म्हणाली, "ते म्हणतात, की आपल्याला ही गोष्ट ऐकावी लागेल." आणि ती हेरंबाकडे तोंड करून सांगू लागली. ऐकत होती ती विभावरी.

फार पूर्वी लिंडवीकमध्ये बारा घरे होती म्हणे. तळ्याच्या पलीकडे जंगल होते आणि जंगलात कोळसा पाडणाऱ्यांची एक झोपडी होती. त्या झोपडीत मारित नावाची मुलगी राहायची. अलीकडच्या बारा घरांपैकी एका घरात इंग्रिद होती. उन्हाळ्यात गुरे वरच्या माळावर न्यायची तेव्हा दोघी बरोबर असत. तिथे गुरांना लांबून बोलावण्यासाठी बायका उंच, बारीक सुरात हाक देतात. मारितची हाक तळ्याच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर जायची. गाई मान वर करायच्या, आणि माणसेसुद्धा. ती पलीकडची, गरिबाघरची, बारा घरांत न मोजलेली. पण तिचा आवाज सगळ्यांना ठाऊक होता.

त्या काळी फेर पुरा धरायचे. शेवटचा हात हातात आल्याशिवाय वादक व्हायोलिनला हात लावत नसे. फेर पुरा तर वर्ष पुरे, असे मानत. मारितला त्या फेरात कधी कुणी बोलावले नव्हते. त्या वर्षी इंग्रिद तिला म्हणाली, तू ये. माझा डावा हात तुझा. तू येईपर्यंत मी तो कुणाला देणार नाही.

दोघींनी आणखी एक ठरवले. सकाळपासून मुके राहायचे, आपापल्या काठावर सात फुले तोडायची, आणि उद्या उठेपर्यंत बोलायचे नाही. इंग्रिदचे मन गावातल्या एका तरुणावर होते. तोच स्वप्नात दिसतो का, हे तिला पाहायचे होते.

संध्याकाळी फेर लागला. तळ्यावर धुके आले. बघता बघता त्या काठाचे जंगल दिसेनासे झाले, मग होड्या, मग पाणी. सगळ्यांनी हात धरले. इंग्रिद डावा हात पसरून उभी होती. कुणाची वाट बघतेस, असे विचारले तर तिने मान हलवली. तिचे फुलांचे व्रत आहे हे सगळ्यांना माहीत होते, म्हणून सगळे हसले. वादक खोळंबला. पोरे कुरकुरू लागली. शेवटी तिच्या आईनेच पुढे होऊन तिचा डावा हात धरला. फेर पुरा झाला.

इथवर आल्यावर केतकी थांबली. बेंग्ट पुढे बोलत होता, पण ती त्याचे बोलणे मराठीत आणेना. तिने पाण्याचा घोट घेतला.

"मग?" हेरंब म्हणाला.

"मग," केतकी म्हणाली, आणि तिचा आवाज खाली गेला, "इंग्रिदला वल्ह्यांचा आवाज आला."

फक्त तिलाच आला म्हणे, कारण तिचेच कान तिकडे होते. वल्ही काठाच्या बाजूने पडत होती, मग डावीकडे वळली, मग लांब गेली. होडीतली मुलगी धुक्यात काठ शोधत होती. एक हाक पुरली असती. होडीतून एक, किंवा काठावरून एक. पण मारितने मुके राहायचे वचन दिले होते आणि तिने ते पाळले. इंग्रिदच्या ओठांवर नाव आले. तिला वाटले, एवढा एक फेर होऊ दे. मग बोलू. माझे स्वप्न कशाला घालवू. आणि ती नाचत राहिली. फेर संपला तेव्हा वल्ह्यांचा आवाज येत नव्हता.

सकाळी होडी काठाला आपोआप लागली. आत वल्ही नीट एकावर एक ठेवली होती आणि गवताच्या काडीने बांधलेली सात फुले होती. पाण्याचा थेंब त्यांना लागला नव्हता. मारित कुणाला सापडली नाही. तेव्हापासून त्या तळ्यावर आवाज परत येत नाही, असे सांगतात. काठावर उभे राहून कितीही ओरडा, आवाज पाण्यावरून जातो आणि तिथेच राहतो.

पुढच्या वर्षी पुन्हा फेर धरला. वादक मध्ये उभा होता. त्याला मोजायची सवय होती. गावातून एकेचाळीस माणसे उतरली होती, आणि फेरात बेचाळीस भरली. त्याने पुन्हा मोजले. ज्या चेहऱ्याकडे पाहावे तो ओळखीचा. आकडा तेवढा एकाने जास्त. नाच थांबला, हात सुटले, आणि गिरणीवाल्याची सात वर्षांची मुलगी दिसेना. ती तळ्यात कमरेइतक्या पाण्यात पाठमोरी उभी सापडली. रडत नव्हती. ती म्हणाली, तिने माझा हात धरला होता, आणि ती विचारत होती की माझी जागा कुठे आहे. त्या पोरीचा तळवा आठ दिवस ओला होता. फडक्याने पुसला की पुन्हा ओला.

तिसऱ्या वर्षी भीतीने कुणी खांबच उभारला नाही. त्या संध्याकाळी धुके कुरण चढून बारा घरांपर्यंत आले, आणि सकाळी प्रत्येक दारावर ओल्या हाताचा एकेक ठसा होता.

मग इंग्रिद चौथ्या वर्षी सगळ्या गावासमोर उभी राहिली आणि तिने सांगून टाकले. मला माहीत होते ती येते आहे. मी वल्ही ऐकली. मी माझ्यासाठी गप्प राहिले. यापुढे मी गप्प राहणार नाही. तिने तळ्याकडची जागा मोकळी सोडली, डावा हात पसरला आणि माळावरच्या त्या उंच सुरात हाक दिली, मारित, तुझी जागा इथे आहे. उत्तर आले नाही. पण वादकाने सूर धरला, फेर फिरला, आणि इंग्रिदचा हात ओला झाला. नाच संपल्यावर सगळी पोरे जागच्या जागी होती. इंग्रिद एक्याऐंशी वर्षे जगली. तिने लग्न केले नाही आणि पुन्हा कधी फुले तोडली नाहीत. ती एकटी असली तरी बोलत असायची. लोक तिला हसायचे, पण तिच्यामागे मारितची ती मोकळी जागा त्यांनी राखली.

"आणि म्हणून," केतकी शेवटी म्हणाली, "इथे बोलत बोलत फुलं तोडतात. कुणी गप्प राहून तोडलीच, तर त्या वर्षी त्यानेच त्या जागेपाशी उभं राहायचं. हाक मारायची. नियम आहे, भावोजी." तिने पाण्याचा पेला बाजूला सारला. "आज आम्ही दोघी."

"तुला चालेल?" हेरंबाने विचारले.

"त्यांना विचारा," केतकी म्हणाली.

विभावरीने होकाराची मान हलवली. तिला इंग्रिद दिसत होती. नाचणारी, ओठ मिटलेली, आणि एवढा एक फेर होऊ दे म्हणणारी. वाईच्या घरात ती स्वतः फोन हातात धरून आईच्या उशाशी बसली होती. परीक्षेला चार दिवस. परीक्षेला दोन दिवस. आई दाराकडे बघत होती आणि ती आईला सांगत होती की येईल, येईल.

सहा वाजता खांब उभा राहिला. ऊन अजून दुपारसारखे होते, पण तळ्यावर धुके आले होते. फेर लागला. विभावरीच्या उजव्या हाती हेरंब होता. डावीकडे ती ओली जागा, आणि तिच्या पलीकडे केतकी, उजवा हात पसरून. दोन्ही तळव्यांमध्ये हातभर हवा. बेंग्ट खांबाशी उभा होता आणि त्याचे ओठ हलत होते. तो मोजत होता.

दोघींनी एकदम हाक मारली. "मारित."

सगळे थांबले. रीत अशी की दहा अंक होईपर्यंत उत्तराची वाट पाहायची. तळ्याने आवाज घेतला आणि ठेवून दिला. बेंग्टने गज तारांवर टेकवला, आणि फेर फिरू लागला.

दुसऱ्या वळणाला विभावरीचा तळवा गार झाला. तिला वाटले, वारा असेल. मग त्या गारव्याला वजन आले. मग एकेक बोट तिच्या बोटांवर मिटत गेले, जसे अंधारात चाचपडणारे माणूस हात धरते, आधी करंगळी, मग बाकीची. तिने डावीकडे पाहिले. तिथे कुणी नव्हते. गवत तेवढे दबत होते, पावलागणिक.

पलीकडे केतकीचा चेहरा पांढरा पडला होता. तिचा पसरलेला हात मागे सरत होता. आणि तो हात बघून विभावरीला बाकी सगळ्याचा विसर पडला. लहानपणी वाईच्या अंगणात भोंडला असायचा. केतकी सगळ्यांत लहान, सारखी फेरातून सुटायची, आणि फेर मोडला की बायका ओरडायच्या. दरवेळी विभावरीच हात लांब करून तिला आत ओढायची. आताही तिला एवढेच करायचे होते. तो हात धरायचा. बोलावे लागणार नाही, माफी मागावी लागणार नाही, फेर पुरा होईल. तिचा हात पुढे सरकला.

बेंग्टचा सूर वाकडा झाला. तिच्या तळव्यातली बोटे सैल पडली. हिसका नाही, राग नाही. आपली जागा नाही हे कळलेले माणूस हात सोडते तशी ती सुटू लागली, आणि त्या सुटण्यात जुनी सवय होती. विभावरी पुन्हा एकीला बाहेर ठेवत होती. पुन्हा गप्प राहून.

तिने हात मागे घेतला, तळवा वर करून जागेवर आणला, आणि हाक मारली.

"केतके."

फेर चालूच होता. केतकीने मान वळवली.

"केतके, आई दाराकडे बघत होती. मला कळत होतं. फोन माझ्या हातात होता. तुझी परीक्षा हे मी मला सांगितलेलं निमित्त गं. तुला सांगायची मला भीती वाटली. मी हाक मारायला हवी होती."

दोन वर्षे चार महिने. केतकीचे ओठ दोनदा हलले. मग अंगणातून यायची तशीच, सानुनासिक, थोडी रुसलेली ओ आली.

"ओ, ताई."

आणि त्या ओच्या मागोमाग, आवाज परत न देणाऱ्या त्या तळ्याच्या बाजूने, धुक्यातून नव्हे, त्याहून जवळून, दोघींच्या मधून, एका उंच बारीक सुरात कुणीतरी म्हणाले, "ओ."

व्हायोलिन थांबले. लिंडवीकमध्ये फेराच्या मध्यावर ते कधी थांबले नव्हते, असे सांगतात. कुणी हलले नाही. विभावरीच्या हातातली बोटे घट्ट झाली, एकदाच, आणि मग तिथे नुसते पाणी होते. ते मनगटावरून कोपरापर्यंत ओघळले.

"तुम्ही दोनदा ओ का दिलीत?" हेरंबाने हळूच विचारले.

नंतर बाकावर बसून केतकीने ताईचा हात आपल्या पदरासारख्या ओढणीत धरून पुसला. तो पुन्हा ओला झाला. तिचाही उजवा तसाच होता. बेंग्ट काठी टेकत आला आणि त्याने विचारले, तो शब्द कसला. केतकीने सांगितले, आमच्याकडे हाक मारली की तसे म्हणतात. मी इथे आहे, एवढाच त्याचा अर्थ. म्हाताऱ्याने तळ्याकडे पाठ केली. मग तो काहीतरी बोलला, आणि केतकीने ते मराठीत सांगितले. या वेळी भावोजींना नाही.

"ताई, ते म्हणतात, आम्ही इतकी वर्षं पाण्याकडे तोंड करून हाक मारत आलो. आज कळलं, ती पाण्यात नाहीये."

आजही लिंडवीकच्या कुरणात तो फेर पुरा होत नाही. एका माणसाची जागा मोकळी असते आणि दोन तळवे तिच्याकडे पसरलेले असतात. पण त्या उन्हाळ्यानंतर हाक मारणारे तळ्याकडे बघत नाहीत, असे मालिन कळवते. ते आपल्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघतात आणि नाव अगदी हलक्या आवाजात घेतात, हाताच्या अंतरावरच्या माणसाचे घ्यावे तसे.

आणि दर वर्षी जूनमधल्या त्या संध्याकाळी केतकी वाईला फोन करते. तिकडे फेर लागण्याची वेळ झालेली असते. विभावरी अंगणात पायरीवर बसून तिच्याशी तासन्‌तास बोलते, काहीबाही, घरचे, गावचे, बुटांचेसुद्धा, आणि मध्ये गप्प म्हणून राहत नाही. फोन ती उजव्या हातात धरते. डावा तळवा वर करून मांडीवर ठेवलेला असतो, आणि तो ओला असतो.